जन्मापूर्वींची राखण

रे रोडच्या स्टेशनावर उतरून गोदीच्या बाजूस चालूं लागलें म्हणजे दोन्ही हातांस वखारी लागतात. समुद्र अगदीं जवळ असूनही तो दिसत नाहीं. दिसतात त्या भिंती आणि फाटकें. परदेशांतून आलेलें जहाज धक्क्यास लागतें, तें कांहीं शहरांत शिरत नाहीं. त्यांतील माल मात्र फाटकांतून शहरांत येतो. काय आंत घ्यावें व काय अडवावें हें पाहण्यास तेथें चौकी असते. परंतु चौकी कितीही कडक असली तरी एखादी वस्तु चोरवाटेनें आंत येतेच. १८९६ सालीं मांडवी बंदरालगतच्या वस्तींत प्लेगानें प्रथम तोंड दाखविलें, तेव्हां या शहरास हा धडा फार महागांत शिकावा लागला.

आज ज्या विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत, तो या गोदीशीं पुष्कळच मिळताजुळता आहे. आईच्या उदरांतही अशीच एक गोदी असते. तिला आपल्याकडे वार म्हणतात. त्या गोदीवरही चौकी असते, आणि त्या चौकीसही चुकवून कांहीं रोगजंतु आंत शिरतात. ते कोणते, कसे शिरतात आणि त्यांस अडविण्यास आपण काय करूं शकतों, हें थोडक्यांत सांगावें असा हेतु आहे.

हा विषय थोरांचा व डॉक्टरांचा. शाळेच्या वार्षिकांत तो कशास, असें कोणी पालक म्हणतील. त्यांस नम्रपणें इतकेंच सांगावयाचें कीं, गर्भस्थ बाळास अपाय करणाऱ्या रोगांपैकीं कांहीं रोग गरोदर स्त्रीस घरांतील लहान मुलांपासूनच होतात. ज्या मुलाच्या अंगावर दोन दिवस पुरळ उठून मावळतें आणि जें तिसऱ्या दिवशीं पुन्हां खेळूं लागतें, त्याच मुलामुळें शेजारच्या खोलींतील काकूंच्या पोटांतील बाळास जन्माचें अंधत्व येऊं शकतें. तेव्हां हा विषय शाळेंतील मुलांचा नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

प्रथम वारेचें काम समजून घेऊं. गर्भ वाढूं लागला म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीस चिकटून वार तयार होते. नऊ महिने पूर्ण होतात तेव्हां तिचें वजन सुमारें अर्धा किलो असतें. तिच्यापासून निघालेली नाळ बाळाच्या बेंबीस जोडलेली असते. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आईचेंच रक्त बाळाच्या अंगांत वाहतें. तसें नाहीं. आईचें रक्त निराळें व बाळाचें रक्त निराळें. दोहोंच्या मध्यें एक पातळ पडदा असतो. या पडद्यांतून प्राणवायु, साखर, क्षार व इतर पोषक द्रव्यें बाळाकडे जातात आणि बाळाच्या शरीरांत उत्पन्न झालेला मळ आईकडे येतो. जहाज बाहेर राहतें आणि माल आंत जातो, तोच हा प्रकार.

या मालांत एक अमोल देणगी असते. आईस पूर्वीं जे रोग होऊन गेले असतील, किंवा ज्या रोगांची लस तिनें टोंचून घेतली असेल, त्यांचा प्रतिकार करणारीं द्रव्यें तिच्या रक्तांत असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हीं द्रव्यें विशेषेंकरून बाळाकडे जातात. त्यामुळें जन्मानंतरचे कांहीं महिने बाळास आईची ही उसनी ढाल पुरते. धनुर्वाताचें उदाहरण घ्या. पूर्वीं घरीं बाळंतपण होई, मिळेल त्या पात्यानें नाळ कापीत, आणि त्या जखमेंतून धनुर्वाताचे जंतु शिरून कित्येक बाळें पहिल्या एकदोन आठवड्यांतच दगावत. पांचवी-सहावीच्या सुमारास बाळास जें भय असे, त्याचें हें एक मोठें कारण होय. आतां गरोदर स्त्रीस धनुर्वाताची लस टोंचतात. लस आईच्या दंडावर, पण रक्षण मात्र बाळाचें. लस, स्वच्छ बाळंतपण व नाळेची स्वच्छता या तिहींच्या बळावर २०१५ सालीं, नवजात बाळांचा धनुर्वात हा भारतांत सार्वजनिक आरोग्यास धोका म्हणून उरला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें.

परंतु ज्या वाटेनें ढाल जाते त्याच वाटेनें कधीं शत्रूही जातो. जंतु अति सूक्ष्म असतात. कांहीं विषाणु त्या पडद्यांतून पलीकडे जातात. कांहीं जंतु पडद्यांतच घर करून तो पोखरतात. कांहीं प्रसूतीच्या वेळीं आईच्या रक्ताचा स्पर्श झाल्यानें बाळास लागतात. आणि कांहीं जन्मानंतर दुधावाटे जातात. गर्भाचे डोळे, कान, हृदय, मेंदु यांची मूळ घडण पहिल्या तीन महिन्यांतच होते. घर बांधतांना पाया हलला तर पुढें कितीही गिलावा केला तरी भिंत सरळ होत नाहीं. म्हणून कांहीं रोग आरंभींच्या महिन्यांत झाले तर त्यांचा परिणाम फार दारुण असतो.

आपल्याकडे ग्रहणाच्या दिवशीं गरोदर स्त्रीनें कांहीं चिरूं नये, बाहेर पाहूं नये, नाहींतर बाळास व्यंग येतें, अशी समजूत आहे. चाळीचाळींतून खिडक्यांस पडदे लावून गर्भवतीस अंधारांत बसवितात. ही समजूत खरी नाहीं. चंद्रसूर्याच्या सावलीनें कोणाचेंही बाळ व्यंग होत नाहीं. तथापि जुन्या आयाबायांच्या या भयाच्या मुळाशीं एक खरी गोष्ट होती, ती ही कीं, गरोदरपणांत घडलेल्या एखाद्या अदृश्य आघातानें बाळास व्यंग येऊं शकतें. आघात कोणता, एवढेंच त्यांस ठाऊक नव्हतें. तो शोधून काढण्याचें श्रेय सिडनी शहरांतील नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्यास आहे. १९४० सालीं ऑस्ट्रेलियांत रुबेला, म्हणजे जिला पूर्वीं जर्मन गोवर म्हणत, तिची मोठी सांथ आली होती. पुढें ग्रेग यांजकडे जन्मतःच मोतीबिंदु असलेलीं बाळें एकामागून एक येऊं लागलीं. मोतीबिंदु हा म्हातारपणचा रोग. तो इतक्या तान्ह्या बाळांस कां व्हावा? त्यांनीं प्रत्येक आईस विचारलें, आणि बहुतेकींनीं सांगितलें कीं, गरोदरपणाच्या आरंभीं आपणांस ताप व पुरळ येऊन गेलें होतें. अशा ७८ बाळांचा वृत्तांत त्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रथम अनेकांस तो पटला नाहीं. पण पुढील अनुभवानें तो अक्षरशः खरा ठरला. १९६४-६५ सालीं अमेरिकेंत आलेल्या सांथीनें सुमारें २०,००० बाळें या रोगाच्या खुणा घेऊन जन्मास आलीं: कोणी अंध, कोणी बहिरें, कोणाच्या हृदयांत दोष.

रुबेलाची दुष्टता तिच्या सौम्यपणांत आहे. मुलास थोडा ताप येतो, बारीक लालसर पुरळ उठतें, कानांमागच्या गांठी सुजतात. तीन दिवसांत सर्व शांत. शिवाय पुरळ उठण्यापूर्वीं सुमारें आठवडाभर व नंतरही आठवडाभर त्या मुलापासून दुसऱ्यास रोग लागूं शकतो. म्हणजे ‘आतां पुरळ दिसलें, दूर राहूं’ असें म्हणेपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. आणि गर्भधारणेच्या अगदीं आरंभीं हा रोग आईस झाला, तर तो गर्भापर्यंत पोहोचण्याचा संभव शंभरांत नव्वदांपर्यंत असतो. अशा रोगास दूर ठेवण्याचा एकच उपाय, तो म्हणजे लस. ती १९६९ सालीं प्रथम प्रचारांत आली. आपल्या देशांत गोवर व रुबेला यांची एकत्रित लस २०१७ सालापासून सरकारी कार्यक्रमांत देऊं लागले. महाराष्ट्रांत २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आंतील मुलांस ती शाळाशाळांतून टोंचण्यांत आली. त्या वेळीं कांहीं पालकांनीं अफवांवर विश्वास ठेवून मुलांस त्या दिवशीं घरींच ठेवलें. त्यांस वाटलें, लस टाळणें ही आपल्या घरापुरती गोष्ट आहे. ती तशी नव्हती. मुलगा असो कीं मुलगी, प्रत्येक टोंचलेला दंड हा कोणा अज्ञात गर्भवतीभोवतीं उभारलेल्या कुंपणाचा एक खुंट असतो. आतां ही लस नवव्या ते बाराव्या महिन्यांत एकदां व सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत दुसऱ्यांदा देतात. मात्र गरोदरपणांत ती देत नाहींत. म्हणून मुलींनीं ती आधींच घेतलेली असावी.

दुसऱ्या एका रोगाचें नांव घेण्यास लोक संकोचतात. तो म्हणजे गर्मी, अथवा उपदंश. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत त्यास फिरंगरोग म्हटलें आहे. फिरंग्यांच्या संसर्गानें आला म्हणून हें नांव. या रोगाचा जंतु वारेतून बाळाकडे जातो. मग कधीं गर्भपात होतो, कधीं बाळ मृत जन्मतें, कधीं हाडांत, डोळ्यांत व मज्जातंतूंत दोष घेऊन येतें. १९०६ सालीं रक्त तपासून हा रोग ओळखण्याची युक्ति निघाली आणि १९४३ सालीं पेनिसिलिननें तो बरा होतो असें सिद्ध झालें. आईस गरोदरपणांत वेळेवर तें औषध टोंचलें तर आई व बाळ दोघेंही वांचतात. इतका स्वस्त व खात्रीचा उपाय असतांना केवळ तपासणीच्या लाजेपायीं बाळ गमवावें, याहून मोठें दुर्दैव तें कोणतें!

तिसरा रोग आमच्या शहरानें जवळून पाहिलेला आहे. भारतांत एच्. आय्. व्ही. हा विषाणु १९८६ सालीं चेन्नई येथें प्रथम आढळला, आणि पुढील वर्षांत मुंबईंतही त्याचा पुष्कळ प्रसार झाला. हा विषाणु आईपासून बाळास तीन वेळां लागूं शकतो: पोटांत असतांना, प्रसूतीच्या वेळीं आणि अंगावरच्या दुधांतून. कांहींच उपाय न केला तर शंभर बाळांपैकीं पंधरापासून पंचेचाळिसांपर्यंत बाळांस तो लागतो. उलटपक्षीं, हेंही लक्षांत ठेवावें कीं, उपाय न करतांही निम्म्याहून अधिक बाळें निरोगी राहतात. बाळास रोग होणारच असें नाहीं. १९९४ सालीं परदेशांत असें दिसून आलें कीं, झिडोव्हुडिन हें औषध आईस व बाळास दिलें तर शेंकडा २५·५ हें प्रमाण ८·३ वर येतें. आपल्या देशांत २००२ सालापासून हा प्रतिबंधक कार्यक्रम सरकारी इस्पितळांतून सुरू झाला. १ एप्रिल २००४ रोजीं ज्या आठ संस्थांतून या रोगावरील औषधें फुकट देण्यास आरंभ झाला, त्यांत भायखळ्याचें जे. जे. इस्पितळ होतें. २०१४ सालापासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म औषध देण्याचें धोरण आलें. औषध नियमित घेतल्यास बाळास रोग लागण्याचें प्रमाण शेंकडा पांचांच्याही खालीं येतें.

येथें एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. बाधित आईच्या बाळाचें रक्त नेहमींच्या रीतीनें तपासलें तर तें अनेक महिने ‘बाधित’ असेंच दिसतें. याचें कारण, त्या तपासणींत विषाणु शोधीत नाहींत, तर प्रतिकारक द्रव्यें शोधतात. आणि तीं तर आईकडून वारेवाटे आलेलींच असतात. म्हणजे वर ज्या उसन्या ढालीचें वर्णन केलें तीच येथें साक्षीदारास फसविते. तीं द्रव्यें अठरा महिन्यांपर्यंत टिकूं शकतात. म्हणून बाळ सहा आठवड्यांचें झालें म्हणजे निराळ्या रीतीनें प्रत्यक्ष विषाणूचाच शोध घेतात, आणि शेवटचा निर्णय अठरा महिन्यांनंतर देतात. एका कागदावर ‘बाधित’ हा शब्द पाहून ज्या घरांनीं सुनेस व बाळास दूर लोटलें असेल, त्यांनीं हें समजून घेतलें असतें तर किती बरें झालें असतें!

हें दूर लोटणें आपणांस नवें नाहीं. हार्बर मार्गावर रे रोडपासून थोडें पुढें वडाळा लागतें. तेथें १८९० सालीं स्थापन झालेलें ॲकवर्थ कुष्ठरोग इस्पितळ आहे. ज्यांचें नांव त्यास दिलें ते ॲकवर्थ साहेब म्हणजेच शाळिग्राम यांच्या साह्यानें मराठी ऐतिहासिक पोवाडे गोळा करणारे गृहस्थ. त्या काळीं कुष्ठरोग हा आईबापांकडून वंशपरंपरेनें येतो असें पुष्कळांस वाटे. १८७३ सालीं नॉर्वेंतील हान्सेन यांनीं त्याचा जंतु शोधून काढला होता, तरी लोकांच्या मनांतून ती समजूत लौकर गेली नाहीं. खरें पाहतां कुष्ठरोग आनुवंशिक नाहीं, आणि औषधानें तो बरा होतो. आज त्याच आवारांत मुंबईच्या एड्स-नियंत्रण संस्थेची कचेरी आहे. एका जागीं दोन रोगांची ही गांठ पडली आहे, आणि दोहोंच्या रोग्यांस रोगापेक्षां लोकांच्या नजरेचाच जाच अधिक झाला आहे.

बाकीच्या रोगांचा थोडक्यांत निर्देश करतों. कावीळ ब या रोगाचा विषाणु बहुधा प्रसूतीच्या वेळीं बाळास लागतो, आणि त्या वयांत लागला तर शंभरांत सुमारें नव्वद बाळांच्या यकृतांत तो कायम ठाण मांडतो; म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत बाळास लस टोंचणें अवश्य आहे. हिंवताप झालेल्या गर्भवतीच्या वारेंत जंतु दाटून बसतात, बाळास पोषण कमी पडतें आणि तें कमी वजनाचें जन्मतें. मुंबईंत हा ताप पसरविणारा डांस विहिरींत व उघड्या टांक्यांत वाढतो, असें डॉक्टर बेंटले यांनीं १९११ सालच्या अहवालांत दाखविलें. तेव्हां टांकीस झांकण घालणें हीदेखील गर्भाची राखण आहे. झिका हा डांसांपासून होणारा दुसरा रोग. त्यानें २०१५ च्या सुमारास ब्राझील देशांत लहान डोक्याचीं बाळें जन्मलीं. तोच विषाणु महाराष्ट्रांत प्रथम २०२१ सालीं पुरंदर तालुक्यांतील बेलसर गांवीं व २०२४ सालीं पुणें शहरांत गर्भवती स्त्रियांतही आढळला. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा जंतु मांजराच्या विष्ठेंतून, मातींतून व अर्धवट शिजलेल्या मांसांतून येतो. मांजरास घराबाहेर घालविण्याचें कारण नाहीं, परंतु त्याची घाण गर्भवतीनें काढूं नये आणि भाज्या स्वच्छ धुवाव्या. सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु लहान मुलांच्या लाळेंतून व मूत्रांतून पसरतो, आणि त्यानें बाळास बहिरेपण येऊं शकतें; त्याविरुद्ध साबण व पाणी हेंच मुख्य हत्यार.

आमचा हा गिरणगांव मातांच्या बाबतींत अगदींच दुर्दैवी नाहीं. १९२६ सालीं परळ येथें वाडियांचें प्रसूतिगृह निघालें. त्याच सालीं जवळच के. ई. एम्. इस्पितळ सुरू झालें. आणि १९२९ सालीं मुंबई प्रांतानें गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांसाठीं प्रसूति-साहाय्याचा कायदा केला. आज २०१६ सालच्या योजनेप्रमाणें दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची फुकट तपासणी होते. वर सांगितलेल्या गर्मी, एच्. आय्. व्ही. व कावीळ ब या रोगांची रक्ततपासणी गरोदरपणाच्या आरंभींच करून घेतां येते. साधनें दारांत आहेत. उणीव आहे ती पाऊल उचलण्याची.

आणि येथेंच पालकांस विनंति करावीशी वाटते. तपासणीस एकटी सूनच कां जाते? कित्येक घरीं रोग नवऱ्याकडून आलेला असतो आणि दोष मात्र बायकोच्या माथीं मारला जातो. पति-पत्नींनीं दोघांनींही तपासून घ्यावें, हाच सरळ न्याय होय. रक्ताचा निकाल गुप्त ठेवावा, संमतीवांचून एच्. आय्. व्ही.ची तपासणी करूं नये, आणि या रोगामुळें कोणास शाळेंतून वा कामावरून दूर करूं नये, असा कायदा २०१७ सालीं झाला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आहे. प्लेगाच्या दिवसांत झडतीच्या भयानें लोक रोग्यांस माळ्यावर, पेटाऱ्यांत लपवीत. लपविल्यानें रोग गेला नाहीं, उलट वाढला. आजचा लपविलेला कागदही तेंच काम करतो.

विद्यार्थी-मित्रहो, तुमच्याकडे मागणें थोडें आहे. घरीं जाऊन आपल्या लसीकरणाचें कार्ड पाहा आणि एखादा डोस राहिला असेल तर तो पुरा करा. अंगावर पुरळ उठलें तर तें लपवून शाळेंत येऊं नका, आणि शेजारीं कोणी गरोदर असेल तर तिच्या जवळ जाऊं नका. हात धुवा, पाण्याचीं पिंपें झांका. ग्रहणाच्या दिवशीं ताईस कोणी अंधारांत बसविलें तर वाद घालूं नका. पण दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन दवाखान्यांत जा. आजी कदाचित् रागावेल. परंतु कांहीं महिन्यांनीं पाळण्यांतील बाळ डोळे उघडून तिच्याकडे टकमक पाहूं लागेल आणि तिच्या हाकेसरशी मान वळवील, तेव्हां तो राग उरणार नाहीं.